आईला बहीण नव्हती

सोमवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी चौकातला सिग्नल हिरवा झाला आणि ड्रायव्हिंग स्कूलची गाडी जागची हलली नाही. सिग्नल पुन्हा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गिल्ला केला. स्टिअरिंगवर बसलेली शिकाऊ बाई बँकेत कॅशियर होती. गाडी पुढे का जात नाही हे तिला कळेना. शेजारी बसलेल्या मॅडमनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबून धरला होता आणि मॅडम काही बोलत नव्हत्या.

"मला वाटलं, परीक्षा घेतायत माझी," कॅशियरबाई नंतर म्हणाली. "त्या मुद्दाम गप्प बसायच्या मधेमधे. मी म्हटलं, आता ओरडतील, मग ओरडतील."

मॅडमच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी बंद पडली होती. मागच्या गाडीतला माणूस शिव्या द्यायला उतरून खिडकीशी आला, तेव्हा त्याला मॅडमच्या तोंडाची एक बाजू ओघळलेली दिसली. त्याने शिव्या गिळल्या आणि अॅम्ब्युलन्स बोलावली.

मॅडमना विद्यार्थी क्लच म्हणत. 'क्लच! क्लच! अहो, पाय कुठंय तुमचा?' हे त्यांचं वाक्य अर्ध्या शहराच्या कानात बसलं होतं. पुढे घरीही तेच नाव पडलं. घरी म्हणजे दातवालीच्या तोंडी. घरात दोघीच होत्या.

दातवाली कवळ्या बनवते. डेंटिस्टकडून हिरड्यांचे साचे येतात, ती मेणात दात बसवते, चावा जुळवते, आणि कवळी पेटीत घालून परत पाठवते. कवळी घालणारा माणूस तिला कधी दिसत नाही. फोन आला तेव्हा ती खालच्या पंगतीतली दाढ बसवत होती. शेजारच्या टेबलावर साचे ओतणाऱ्या प्लास्टरकाकांनी तिच्या हातातली पक्कड काढून घेतली.

"जा तू. ह्या म्हातारबुवांना मी चावायला लावतो."

हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या बाईच्या कोटावर सप्तरंगी बिल्ला होता. तिच्या डोक्यावर मोठा फलक होता: 'इथे प्रत्येक नात्याचा आदर आहे.' बाईने मान वर न करता विचारलं,

"पेशंटच्या कोण तुम्ही?"

"मावसबहीण," दातवाली म्हणाली.

विचार करून नाही म्हणाली. गरम तव्यावरून हात जसा आपोआप मागे येतो, तसा तो शब्द आला. बाईने तो टाइप केला, हातात पास दिला आणि लिफ्ट दाखवली. दातवाली लिफ्टकडे पळाली. आपण काय बोललो ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

हा शब्द तिचा नव्हता. तो दादांचा होता, क्लचच्या थोरल्या भावाचा. वीसेक वर्षांपूर्वी, आधीच्या शहरात, दोघींना खोल्या मिळत नव्हत्या. लग्न न झालेल्या दोन बायका म्हटल्यावर घरमालक दारातूनच 'भाड्याने द्यायचं नाही' म्हणायचे, आणि पाटी तशीच लटकत असायची. शेवटी दादा स्वतः एका मालकाकडे गेले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "एक माझी सख्खी बहीण, दुसरी मावसबहीण. काही कमीजास्त झालं तर मी आहे." खोल्या मिळाल्या. जिना उतरताना दादा दातवालीला म्हणाले होते, "लक्षात ठेव. विचारलं तर हेच." त्यानंतर त्यांनी या विषयावर चकार शब्द काढला नाही. त्यांना काय माहीत होतं आणि काय नव्हतं, ते विचारायची सोय नव्हती. त्यांनीही ती ठेवली नाही.

ते शहर वाईट नव्हतं. हे दातवाली आजही सांगते, आणि सांगताना तिला राग येतो. तिथे ताप आला तर खालच्या मावशी पेज करून आणायच्या. गल्लीतली पोरं दोघींना मावशी म्हणायची. क्लचने निम्म्या गल्लीला गाडी शिकवली होती. दातवालीने गल्लीतल्या तीन म्हाताऱ्यांना हसायला दात दिले होते. एकदा टाकीची किल्ली मागायला खालच्या मावशी न सांगता वर आल्या, दार उघडं होतं, आणि त्यांनी जे दिसायचं ते पाहिलं. दार हळूच ओढून घेतलं आणि खाली गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या जिना चढताना खोकू लागल्या. तेव्हापासून पुढची सगळी वर्षं, घशात काही नसताना, दर दोन पायऱ्यांना एक खोकला.

"याला प्रेम म्हणतात," दातवाली म्हणायची.

"याला पहारा म्हणतात," क्लच म्हणायची. "त्यांना आपण आवडत नाही गं. त्यांना मावसबहिणी आवडतात. उद्या खरं सांग, मग बघ पेज कोण आणतं."

भांडण इथूनच सुरू व्हायचं आणि शहरांवर जायचं. क्लचला निघायचं होतं. तिने शहरांची तुलना गाड्यांसारखी केली. रंग बघायचा नाही, चढावर ब्रेक लागतो का ते बघायचं. सुट्टी काढून दोघी तीन शहरं फिरल्या. प्रत्येक ठिकाणी क्लच जागेच्या दलालाकडे जायची आणि मोठ्याने सांगायची, "दोघी आहोत. पलंग एकच लागेल." पहिल्या शहरातला दलाल हसला आणि त्याने भाचीला फोन करून तोच विनोद सांगितला, यांच्यासमोर. तिथे दर वर्षी सप्तरंगी मिरवणूक निघायची म्हणे, लाखभर माणसांची. "मिरवणूक संपल्यावर ती माणसं झोपायला कुठं जातात?" क्लचने त्याला विचारलं. दुसऱ्या शहरात जागा होती, पण 'अशा लोकांसाठी' वेगळी, स्टेशनमागे, वेगळ्या भावाने. तिसऱ्या शहरातला दलाल वहीतून डोकंही वर न काढता म्हणाला, "बाल्कनी सकाळच्या उन्हाची हवी की संध्याकाळच्या?"

क्लच बाहेर येऊन फुटपाथवर नाचली. पन्नाशीची बाई.

दातवालीची परीक्षा वेगळी होती. ती म्हणाली, "न्हाणीघरात पाय घसरून पडले, तर इथं कोण येईल?"

"मी येईन."

"आणि तू पडलीस तर?"

"मी कशाला पडतेय," क्लच म्हणाली. तुलना तिथे संपली. त्या या शहरात आल्या.

इथे दलालाने विचारलं नाही, शेजाऱ्यांनी विचारलं नाही, कुणीच काही विचारलं नाही. दोन वर्षांत समोरच्या दाराआड कोण राहतं ते दातवालीला कळलं नव्हतं. रविवारी एका सभागृहात समलिंगी नागरिकांचं मंडळ भरायचं; तिथे कॉफी, गाणी, चर्चा. क्लच तिथे खुलायची. दातवाली कोपऱ्यात बसून लोकांचे दात बघायची. लोक चांगले होते. पण तिथून निघताना 'पुढच्या रविवारी' म्हणायचे, 'जेवायला या' म्हणायचे नाहीत. "इथं मान्यता आहे," दातवाली घरी येऊन म्हणायची, "माणसं कुठायत?" आणि तरी रस्त्यात क्लचने हात धरला की ती झटकन सोडवून घेत नसे. इथे आल्यावर ते जमायला तिला वर्ष लागलं होतं. तोंडाला मात्र वर्ष पुरलं नाही, हे सोमवारी काउंटरवर कळलं.

क्लच वाचली. उजवी बाजू गेली, आणि भाषा गेली. एकच शब्द उरला: 'हो.' पाणी हवं का? हो. दुखतंय का? हो. खिडकी बंद करू? हो. उघडू? हो. डॉक्टर म्हणाले, असं होतं. तिला हो म्हणायचंच असेल असं नाही, तोंडातून तेवढंच येतं. पहिले काही आठवडे व्यायाम आणि बोलण्याचे उपचार कसून केले तर बरंच परत येऊ शकतं. ते उपचार या हॉस्पिटलमध्ये होते.

बुधवारी दादा आले. दातवालीनेच कळवलं होतं. ते बहिणीच्या पलंगाशी उभे राहिले आणि रडले. खांदे हलवून, आवाज न करता. दातवालीने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले,

"हिला घरी नेतो."

"दादा, उपचार इथं आहेत."

"तिथं काय माणसं मरतात का? तिथंही हॉस्पिटल आहे. वहिनी आहे, पोरं आहेत, गल्ली आहे. इथं कोण आहे?"

"मी आहे."

"तू दिवसभर दात घासत बसणार," दादा म्हणाले. मग बहिणीवर वाकले. "घरी यायचं ना गं?"

"हो," क्लच म्हणाली.

"बघ."

"तिला विचारा, चंद्रावर जायचंय का," दातवाली म्हणाली. तिचा आवाज चढला. "विचारा ना! अगं, चंद्रावर जायचं?"

"हो," क्लच म्हणाली. तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. दोन प्रश्नांपैकी कोणत्या प्रश्नाचं, हे सांगायला कुणी नव्हतं.

प्रकरण हॉस्पिटलच्या अधिकारीबाईंकडे गेलं. त्यांच्या टेबलावर त्या दिवशीचं वर्तमानपत्र होतं. पहिल्या पानावर बातमी होती: समलिंगी नागरिकांसाठी सर्वांत आपुलकीच्या शहरांच्या तुलनेत आपलं शहर पहिलं. घर, नोकरी, आरोग्यसेवा, सामाजिक जीवन, सगळ्यांत वरचे गुण. आरोग्यसेवेत याच हॉस्पिटलचा उल्लेख होता. बाईंनी ती ओळ पिवळ्या पेनाने रंगवली होती.

"रुग्णाला हलवायचं की नाही, हे नातेवाइकांनी ठरवायचं," बाई म्हणाल्या. "तुमचं दोघांचं एकमत होत नाहीये. तुम्ही भाऊ. तुम्ही मावसबहीण."

दादांनी खिशातला चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा खिशात ठेवला.

"आमच्या आईला बहीण नव्हती," ते म्हणाले.

अधिकारीबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"एकुलती एक होती आई. ही आमची कुणी नाही. बहिणीसोबत राहायची, एवढंच. खोटं नातं सांगून आत आलीय."

दातवालीने त्यांच्याकडे पाहिलं. वीस वर्षांपूर्वी खुर्ची ओढून बसलेले हेच ते दादा. त्यांनीच जन्माला घातलेली मावसबहीण त्यांनी अधिकारीबाईंसमोर मारली आणि त्यांचा आवाजही हलला नाही. ती दातओठ खात म्हणाली,

"खोटं कुणाचं, ते सांगा की, दादा."

"काउंटरवर मी बोललो का?"

ते खरं होतं.

"बाई," दातवाली अधिकारीबाईंकडे वळली, "मी मावसबहीण नाही. आम्ही जोडीदार आहोत. वीस वर्षं. इथं ते चालतं ना? तुमच्या फलकावर आहे."

अधिकारीबाई हळहळल्या. त्यांची हळहळ खरी होती, म्हणूनच जास्त लागली. "अहो, मग पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत? आमच्याकडे 'सोबती' म्हणून नोंद करता येते. पुरावासुद्धा मागत नाही आम्ही, नुसतं सांगायचं. तुम्ही तो एक शब्द बोलला असता तर आज भावाला मीच समजावलं असतं."

"आता बोलते."

"आता वाद आहे. परवा एक सांगितलंत, आज एक. वाद असला की रक्ताचं नातं धरावं लागतं. घराचा करार आहे का दोघींच्या नावावर?"

करार क्लचच्या नावावर होता. दलालाने दुसरं नाव घालू का विचारलं होतं. दातवालीच म्हणाली होती, राहायला देताय ना, मग नाव कशाला.

"कुणी माणूस आहे? तुम्हाला बरीच वर्षं ओळखणारं? घरच्यासारखं? उद्यापर्यंत सांगा. मी स्वतः बोलेन."

या शहरात दातवालीला बरीच वर्षं ओळखणारं कुणी नव्हतं. दोन वर्षंवाले होते. तिने मंडळाच्या संयोजकांना कँटीनमध्ये बोलावलं. ते लगेच आले, तिचा हात हातात घेतला, सगळं ऐकून घेतलं.

"ताई, आम्ही तुमच्यासोबत आहोत. शंभर टक्के. फक्त हा आठवडा जाऊ द्या."

"का?"

"शनिवारी महापौरांच्या हस्ते सत्कार आहे, पहिल्या क्रमांकाचा. हे हॉस्पिटलच त्यात आहे. आता आपणच त्यांच्यावर तक्रार घेऊन गेलो, तर बाहेर काय चित्र जाईल? दहा वर्षं झिजलोय आम्ही या नंबरासाठी."

"झटका जरा सोयीने यायला हवा होता. चुकलंच तिचं."

"रागावू नका. आणि एक सांगू? खोटं नातं तुम्हीच सांगितलंत. समोरच्याच्या हातात आयतं कोलीत. आपल्या लोकांनीच लपवायचं म्हटल्यावर..." त्यांनी खांदे उडवले. "सोमवारी पत्र देतो. मंडळाच्या सही-शिक्क्यानिशी."

"सोमवारी ती इथं नसेल."

संयोजकांनी कॉफी संपवली. त्यांचे पुढचे दोन दात चिनी मातीचे होते, रंग एक छटा जास्त पांढरा. दातवालीच्या मनात आलं, हे काम आपल्या लॅबचं नाही. एवढंच तिच्या मनात आलं, आणि तेवढ्यावर ती उठली.

मग तिने ठरवलं, खालच्या मावशी. त्यांच्याइतकं कुणी काही पाहिलेलं नव्हतं. त्यांना फक्त विचारायचं. आधी फोन करून पढवलं असं दादा म्हणू नयेत म्हणून तिने त्यांना काही कळवलंही नाही. ही हुशारी तिला महागात पडली.

गुरुवारी दुपारी अधिकारीबाईंनी नंबर लावला आणि फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला. बोलायचं फक्त बाईंनी, असं ठरलं. दादा खिडकीजवळ उभे होते.

"हॉस्पिटलमधून बोलतेय. तुमच्या वर त्या दोघी राहायच्या ना?"

"कोण? आमच्या पोरी? अगंबाई, दादांच्या घरून कळलं, क्लचची तब्येत कशी आहे?"

"स्थिर आहेत. मावशी, एक विचारायचं होतं. त्या दोघींचं नातं काय होतं? तुम्ही पाहिलंय म्हणतात."

फोनमध्ये मागे कुणीतरी नळ बंद केल्याचा आवाज आला.

"कशाला विचारताय?" मावशींचा आवाज बदलला होता.

"नोंदीसाठी."

"कुणी काही बोललंय का?"

"वाद आहे थोडा. तुम्ही खरं काय ते सांगा."

"खरंच सांगते. मावसबहिणी त्या! सख्ख्या बहिणी काय राहतील अशा राहायच्या. कुणी भलतंसलतं सांगत असेल ना, तर त्याच्या जिभेला हाड नाही म्हणावं. मी बघितलंय ना माझ्या डोळ्यांनी. दोन खोल्या, दोन पलंग. एक इकडे, एक तिकडे. रात्री दहाला दिवा बंद."

पलंग एक होता. तो वर चढवताना जिन्यात अडकला होता तेव्हा खालून टेकू मावशींनीच दिला होता.

"मावशी..." दातवालीच्या तोंडून निघालं. अधिकारीबाईंनी हात वर केला.

"शपथेवर सांगेन," फोन बोलत होता. "कुठंही बोलवा. कोर्टात बोलवा. माझ्या पोरींच्या नावाला कुणी बट्टा लावला तर मी गप्प बसायची नाही. वीस वर्षं माझ्या डोक्यावर राहिल्यात त्या, एक दिवस वावगं बघितलं नाही मी."

बाईंनी आभार मानून फोन ठेवला. "म्हणजे बहिणीच," त्या म्हणाल्या.

"बहिणीही नाहीत," दादा म्हणाले. ते खिडकीबाहेर बघत होते.

अर्ध्या तासाने मावशींचा फोन दातवालीला आला. त्या धापा टाकत होत्या, चालत कुठेतरी बाजूला आल्या असाव्यात.

"नीट बोलले ना गं मी? त्या बाईला संशय आला होता, मला लगेच कळलं. पण मी काही हाती लागू दिलं नाही. दोन पलंग सांगितले. बरं केलं ना?"

दातवाली हॉस्पिटलच्या दालनात उभी होती. लोक तिला वळसा घालून जात होते.

"बरं केलंत, मावशी."

"काळजी करू नकोस. तुमचं नाव मी जपलंय आजवर. पुढंही जपेन."

तिने फोन ठेवला. रागवायचं कुणावर, हा तिच्यापुढचा प्रश्न होता, आणि राग तर अंगात मावत नव्हता. मावशींवर? त्यांनी जन्मभर केलं तेच केलं. अधिकारीबाईंवर? त्या नियमाने वागल्या. संयोजकांवर? त्यांचा शनिवार होता. या शहरात खरं चालतं, पण ते वेळेवर, ठरलेल्या खिडकीवर, न अडखळता बोलता आलं पाहिजे. त्या शहरात खोटं चालतं आणि त्याच्याबरोबर पेज मिळते. एका शहराने तिला वीस वर्षं एक शब्द घोटून घोटून शिकवला, आणि दुसऱ्याने त्या शब्दासाठी तिला नापास केलं. आणि दोन्ही शहरं स्वतःच्या चांगुलपणावर खूश होती.

दालनात, काउंटरच्या वर, सकाळीच नवीन कापडी फलक लागला होता. 'पहिला क्रमांक. अभिनंदन, आपलं शहर.' दातवालीने बाकडं ओढलं, त्यावर चढली आणि फलकाची एक दोरी सोडली. मग बाकडं दुसऱ्या टोकाला नेलं आणि दुसरी सोडली. कुणाला वाटलं ती इथलीच कर्मचारी आहे. फलक खाली आला. तिने त्याची नीट घडी केली, चार पदरी, आणि काउंटरवरच्या बिल्लेवाल्या बाईसमोर ठेवली.

"हे काय करताय?"

"शनिवारी लावा. आज खरं नाहीये."

मग ती ओरडली. काय ओरडली ते बघणारे वेगवेगळं सांगतात. 'एक शब्द' एवढं सगळ्यांना ऐकू आलं होतं. दोन सुरक्षारक्षकांनी तिला दंडाला न धरता, फार सभ्यपणे, दोन्ही बाजूंनी चालत दारापर्यंत नेलं. तिचा पास रद्द झाला. वॉर्डात जाता येणार नाही, असं अधिकारीबाईंनी स्वतः बाहेर येऊन सांगितलं, आणि 'मला वाईट वाटतंय' असंही सांगितलं.

शुक्रवारी ती कामावर गेली नाही. प्लास्टरकाका डबा घेऊन घरी आले. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. विचारलं नव्हतं, कारण त्यांच्या मते विचारण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"भावाबरोबर जा की तू," ते म्हणाले. "घशाखाली घालायचा तो शब्द. क्लच बरी झाली की ओकून टाक."

"काका, वीस वर्षं घशाखालीच आहे. म्हणून तर वेळेला दुसरं काही बाहेर आलं नाही."

काकांनी डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

शनिवारी सकाळी हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी अॅम्ब्युलन्स लागली. दातवाली तिथे आधीपासून उभी होती, हातात कपड्यांची पिशवी. मागच्या दाराला पास लागत नाही. क्लचला स्ट्रेचरवरून आणलं. दातवाली दिसताच तिचा डावा हात चादरीतून बाहेर आला. स्ट्रेचर आत गेलं. हात बाहेरच राहिला तो नर्सने उचलून आत ठेवला.

दादांनी दातवालीला पाहिलं. ते थकले होते, दाढी वाढली होती. जवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाले,

"चल तूही. मी काही राक्षस नाही. तिला तुझी सवय आहे, ते दिसतंय मला. बाहेरची खोली मोकळी आहे, राहा पाहिजे तेवढं. वहिनी काही बोलायची नाही. फक्त तिथं गेल्यावर आपलं आधीचंच. मावसबहीण."

"तुमच्या आईला बहीण नव्हती, दादा."

"आता ते कशाला काढतेस?"

"नव्हती ना? त्या बाईंसमोर सांगितलंत. मग आता कुठून आली?"

"तुझ्या भल्याचं सांगतोय. तिथल्या लोकांना..."

"पेशंटसोबत कोण?" अॅम्ब्युलन्सवाल्या नर्सने विचारलं. तिच्या हातात कागद होता. "नाव आणि नातं सांगा लवकर."

"मी. भाऊ," दादा म्हणाले.

"आणि ह्या?"

दादांनी दातवालीकडे पाहिलं. पुढचा शब्द त्यांनी ओठांवर आणून ठेवला होता. तिने तो येऊ दिला नाही.

"बायको," ती म्हणाली. "मी बायको तिची."

हा शब्द त्या दोघींनी घरातही कधी वापरला नव्हता. क्लच पूर्वीसारखी असती तर खदखदून हसली असती, बायको म्हणजे आपल्यातली कोण गं, तुला तर भातही लावता येत नाही. दादांचे कान लाल झाले. मागे दोन वॉर्डबॉय उभे होते. ते आपापल्या बुटांकडे बघू लागले.

दातवाली आत चढली. क्लचच्या डोक्याशी नर्सची जागा होती, म्हणून ती पायाशी बसली आणि तिने पट्टा लावला.

"उतर खाली," दादा म्हणाले.

तिने कपड्यांची पिशवी मांडीवर घेतली.

"उतर म्हणतो ना! मी नेणार नाही तुला अशी. तिथं तोंड दाखवायचंय मला."

"तुम्ही उतरवा, दादा. हात धरून उतरवा."

दादांनी एक पाय पायरीवर ठेवला. आतून आवाज आला, "हो." मग पुन्हा, "हो. हो." कुणी काही विचारलं नव्हतं.

"साहेब," ड्रायव्हर पुढून ओरडला, "भांडण तिकडं पोचल्यावर करा. आत पेशंट आहे."

दादांनी पाय खाली घेतला. ते पुढे जाऊन ड्रायव्हरशेजारी बसले आणि त्यांनी दार आदळलं. नर्सने कागदावर काय लिहिलं, ते कुणी वाचलं नाही. अॅम्ब्युलन्स निघाली तेव्हा सभागृहात सत्काराची भाषणं चालू होती. चौकात त्यासाठी अडवलेल्या रस्त्यामुळे तिला लांबचा वळसा घ्यावा लागला.

दीड वाजता प्लास्टरकाकांच्या फोनवर दातवालीचा निरोप आला: 'हद्द ओलांडली. मी आत आहे. दादा पुढे बसलेत, बोलत नाहीत.' त्यानंतर तिचा फोन लागलेला नाही.

संध्याकाळी काकांनी त्या शहरातल्या हॉस्पिटलला फोन केला. पलीकडच्या माणसाने सांगितलं, पेशंट पोचली आहे, दाखल करून घेतली आहे. सोबत कोण आहे, असं काकांनी विचारलं.

"बघून सांगतो," तो म्हणाला.

अजून सांगितलेलं नाही.